नाना ओरडत होते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या इस्पितळाचे प्रमुख डॉ. बेडियाको, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या राणीमाता बिरागोअक्का, बोमासोहून दोन गाड्या भरून आलेली वडीलधारी मंडळी, समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि त्यांना हाताला धरून घेऊन आलेले नातेवाईक, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या आवाजाच्या बाई, आपल्या बोआतेमाबाई! तुम्हा सर्वांना बोमासोच्या ग्याम्फीचा नमस्कार. माईक जरा बाजूला घेतो. मला त्याची गरज पडत नाही.

सुरुवातीलाच एक छोटा हिशेब. या इस्पितळात आवाजाच्या एका शिकवणीची पावती चाळीस सेदींची फाटते. आमच्या नानांच्या, म्हणजे बोमासोच्या राजाच्या, पहिल्या शिकवणीला प्रत्यक्षात लागलं ते असं: बोमासो ते कुमासी गाडीचं पेट्रोल, राजानं आवाज चढवला म्हणून पूर्वजांची क्षमा मागायला एक मेंढा, मेंढ्याच्या जोडीला जिनच्या दोन बाटल्या, पंचांच्या सभेतलं अख्ख्या दुपारचं भांडण, आणि एका म्हाताऱ्या माणसानं आयुष्यभर जपलेला रुबाब. पावतीवर मात्र चाळीसच. बाई, ती शेवटची रक्कम तुम्ही कधी लावलीच नाहीत. ती किती मोठी होती हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच लावली नसावी.

आता मी कोण, हे बोमासोच्या माणसांना सांगायला नको. पण इथं उत्तरेकडून आलेली नवी डॉक्टर मुलं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. केजेटियाच्या गाडीतळावर गाडीच्या दाराला लटकून 'ओबुआसी, ओबुआसी, ओबुआसीऽऽ' असं गाडी जाणार त्या गावाचं नाव ओरडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शाळा म्हणाल तर तीच, आणि पदवी म्हणाल तर घसा. एकदा नानांची मोटार तळाच्या तोंडाशी बंद पडली. चहूकडून भोंगे, शिव्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. राजा काही रस्त्यावर हाका मारीत नाही. नानांनी काचेआडून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. ते मी ऐकलं आणि साऱ्या तळाला ऐकवलं. वाट मोकळी झाली. आठवडा उलटायच्या आत बोमासोहून बोलावणं आलं, आणि सोन्याच्या मुठीची ती काठी माझ्या हातात पडली.

मुलांनो, काठीवाल्याचं काम सोपं दिसतं. राजा दरबारात थेट बोलत नाही. तो हळू बोलतो. काठीवाला ते मोठ्यानं, चार फुलं लावून लोकांना सांगतो. लोकही राजाशी बोलत नाहीत. राजा हातभर अंतरावर बसून सगळं ऐकत असला, तरी बोलायचं ते काठीवाल्याशी. राग असो, माया असो, जाते-येते ती माझ्या तोंडातून.

इथं एक बढाई मारू द्या. वयाचा मान म्हणून खपवून घ्या. माझे कान! रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं कुठलं चाक नरम आहे हे मी घरात जेवता जेवता सांगतो. माझं टायरचं दुकान त्या कानांवरच उभं राहिलं. आणि नानांच्या तोंडून निघालेला एकही शब्द, इतक्या वर्षांत, या कानांतून सुटला नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असो, शेजारी ढोल वाजत असोत. 'काय म्हणालात, नाना?' हे वाक्य मी दरबारात कधी उच्चारलंच नाही.

तर असा हा नानांचा आवाज हळूहळू खाली जाऊ लागला. आम्ही काय केलं असेल? आम्ही कौतुक केलं! आमचे ज्येष्ठ पंच असामानी इथं बसले आहेत, ते म्हणाले होते, "याला म्हणतात भारदस्तपणा. नाही तर तो शेजारच्या गावचा राजा! बोलतो की कोंबड्या विकतो, कळत नाही." मग नानांचा चेहरा हलेनासा झाला. आम्ही म्हणालो, काय हे गांभीर्य! पावलं लहान पडू लागली. आम्ही म्हणालो, राजानं घाई कशाला करावी? उजवा हात थरथरायचा, तो अंगावरच्या वस्त्रात झाकलेला. डॉक्टर मंडळी, तुमच्याकडे आजार येतो तो उघडा येतो. आमच्याकडे तो रिवाजाचे कपडे घालून आला, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर छत्री धरली.

ओळखलं ते बिरागोअक्कांनी. त्या नानांच्या थोरल्या बहीण; आमच्याकडे राणीमातेचा मान राजाच्या बहिणीलाही मिळतो. एका सकाळी परसातून तरातरा आल्या आणि पंचांसमोर उभ्या राहिल्या.

"भारदस्त कसला, मेल्यांनो! माझा भाऊ परसात बकरीला हाकलत होता. बकरीनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. माझा कसावा खाऊन गेली. तिला कुठं ठाऊक तुमचा भारदस्तपणा?"

अशा रीतीनं एका बकरीच्या कृपेनं आम्ही या इस्पितळात आलो. मेंदूच्या डॉक्टरांनी हात-पाय वाकवून पाहिले, नानांना चालवलं, लिहायला लावलं. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले. आणि शेवटी आम्हाला त्या टोकाच्या खोलीत पाठवलं. आत बोआतेमाबाई.

बाईंनी नानांना विचारलं, "आपलं नाव?"

मी काठी जमिनीवर टेकवली. "आपल्यासमोर बसले आहेत ते बोमासोचे नाना अम्पोफो, ज्यांच्या छत्रीच्या सावलीत..."

"झोप लागते?"

"नाना म्हणतात, गाव निजल्यावर नाना निजतात."

"जेवताना ठसका लागतो?"

"नाना म्हणतात..."

"नाना काहीच म्हणाले नाहीत," बाई म्हणाल्या. "काका, आपण जरा बाहेर बसता का?"

मंडळी, मोठमोठ्या दरबारांत मी उभा राहिलो आहे. मला आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. पण दार अर्धवट उघडं होतं, आणि कान आपले शाबूत.

बाईंनी नानांना एका दमात लांब 'आ' म्हणायला लावलं. आवाज मोजायचं यंत्र पुढं ठेवलं. मग विचारलं, "नाना, आत्ता तुम्ही किती मोठ्यानं बोलताय असं तुम्हाला वाटतं?"

"मी ओरडतोय," नाना म्हणाले.

ते मला दाराबाहेर जेमतेम ऐकू आलं.

"हल्ली सगळ्यांचेच कान गेलेत," नाना पुढं म्हणाले. "एका ग्याम्फीचे तेवढे धड आहेत."

मग बाईंनी असा प्रश्न विचारला, जो आम्हा कुणाला सुचला नव्हता. "तुम्हाला आवाज कशासाठी हवाय, नाना? राज्य चालवायला?"

"त्याला ग्याम्फी आहे."

"मग?"

"माझी एक मुलगी आहे. कोनाडू. टाकोराडीला असते. दोनदा फोन केला तिला. बोललो मी. तिनं ठेवून दिला."

ही कोनाडू नानांची धाकटी. तिला टाकोराडीला जाऊन माशांचा धंदा काढायचा होता. नानांना ते पसंत नव्हतं. तिनं भर दरबारात परवानगी मागितली, नानांनी हळूच नकार दिला, आणि मी तो मोठ्यानं, फुलं लावून तिच्या अंगावर टाकला. माझं कामच ते. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या खांद्यावरून थेट बापाला म्हणाली, "बाबा, लहानपणी शाबासकी मिळाली ती यांच्या तोंडून. रागावलात ते यांच्याच तोंडून. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या आवाजात 'घरी ये' म्हणाल, त्या दिवशी येईन. काठीवाल्याला पाठवू नका." आणि गेली. घरातली तिची ताटली अक्कांनी कुणाला वापरू दिली नाही.

त्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी एक शाळामास्तर बसले होते. त्यांचा आवाज शब्दाशब्दाला गळा आवळल्यासारखा अडकायचा. बाई बाहेर आल्यावर मी विचारलं, "दोघांना एकच औषध ना?"

"नाही, काका. मास्तरांच्या स्वरतंतूंना बोलताना मध्येच पेटका येतो. त्यांना इंजेक्शन लागेल. नानांचे तंतू नीट मिटत नाहीत, वारा निसटतो. बिघाड दोघांच्याही हालचालीतच आहे, पण दुखणी वेगळी."

वारा निसटतो म्हटल्यावर टायरवाल्याला जोर आला. "मग व्हॉल्व बदला!"

"व्हॉल्व ठीक आहे हो. मेंदूकडून हुकूमच लहान येतो. पाऊल लहान, अक्षर लहान, हसू लहान, आवाज लहान. कंपवात म्हणतात त्याला. आणि त्यांना स्वतःला वाटतं की सगळं पूर्वीएवढंच आहे. गोळ्यांनी हात-पाय सुधारतील. आवाजाला गोळी फारशी पुरत नाही. त्यांना ओरडावं लागेल. रोज."

आता सभेत हे सांगायचं कुणी? मीच सांगितलं. असामानी ताडकन उभे राहिले. "राजानं ओरडायचं? गाडीतळावरच्या पोरासारखं?" आणि सगळी सभा माझ्याकडे बघू लागली.

"गाडीतळावरच्या पोराच्या हातात काठी दिलीत, तेव्हा बरी लाज वाटली नाही," मी म्हणालो.

शेवटी अक्कांनी निकाल दिला. "मेंढा कापा. जिन ओता. पूर्वजांना सांगा, थोडे दिवस कानांत बोळे घाला."

जागा ठरली ती माझ्या दुकानामागची. तिथं हवा भरायचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडतो. राजा ओरडला तरी रस्त्यावर पत्ता लागायचा नाही. रोज सकाळी बोआतेमाबाई कुमासीहून भरलेल्या गाडीत चेंगरून यायच्या, जुन्या टायरांच्या ढिगावर बसायच्या, आणि बोमासोच्या राजाला हुकूम सोडायच्या. "मोठ्यानं, नाना! अजून! तुम्हाला वाटेल फारच झालं, तेव्हा कुठं पुरेसं होईल!" नाना माझ्याकडे बघायचे, जणू विचारत आहेत की हिला कैदेत टाकू का?

आवाज निघेना. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तळावर कसं ओरडायचात?" मी छाती भरून ओरडून दाखवलं. आणि नाना अम्पोफो, ज्यांच्यासमोर माणसं चपला काढून उभी राहतात, ते माझ्यामागून ओरडले, "ओबुआसीऽऽ!" मी काठी टाकून हसत सुटलो. बाई हसल्या. नानांचा चेहरा हलला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं होतं.

मग बाईंनी त्यांना रोजची वाक्यं निवडायला सांगितली. नानांनी निवडली: "पाणी आण." "मासा खारट झालाय." "बिरागो, आता पुरे कर." आणि सगळ्यांत शेवटी, "कोनाडू, घरी ये. माझ्याशेजारी बसून जेव." हे शेवटचं वाक्य रोज सकाळी, पुन्हा पुन्हा. काय गोडवा असेल त्या जागेला, विचारा! डांबर, रबर, ग्रीस, आणि मध्ये हे वाक्य.

एक दिवस वीज गेली, कॉम्प्रेसर मध्येच थांबला, आणि नानांचा आवाज दुकानावरून, रस्त्यावरून थेट बाजारात गेला: "बिरागो, आता पुरे कर!" अक्का टोमॅटो घेत होत्या. होत्या तिथंच उभ्या राहिल्या, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "बघा बाई! आवाज परत आला, आणि पहिल्यांदा मलाच गप्प करतोय!"

बाई म्हणाल्या, आता फोन करा.

फोन माझ्या दुकानातूनच लावला. कॉम्प्रेसर बंद केला. नानांनी ताठ बसून, छाती भरून सुरुवात केली, "कोनाडूऽऽ! घरी ये! माझ्याशेजारी बसून जेव!"

पलीकडे ती हसली. ते हसणं मला माझ्या जागेवरून ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"ग्याम्फीकाका, ओळखलं हं! तळावर गाडी भरल्यासारखं ओरडताय. माझे बाबा असे ओरडतात होय? त्यांना सांगा, काठीवाल्याला पाठवू नका म्हटलं होतं."

नानांनी फोन तसाच धरून ठेवला. मी तो ओढून घेतला. "अगं पोरी, तेच बोलत होते!"

"पकडलं की नाही? फोन तुमच्याच हातात आहे." आणि फोन बंद.

विचार करा, मंडळी. बापाचा मोठा आवाज त्या मुलीनं जन्मात ऐकलेला नव्हता. बोमासोत बापाच्या नावानं मोठ्यानं बोलणारा माणूस एकच, आणि तो मी. त्यात 'कोनाडू'ला शेपूट लावलं तेही 'ओबुआसी'चंच. तिनं दुसरं काय समजावं? नानांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आजारानं तेवढी सोय करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुकानामागं येईनात. बाई यायच्या, टायरांच्या ढिगावर थोडं बसायच्या, परत जायच्या. मग त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला आणि टाकोराडीला स्वतः फोन केला. मी समोर होतो. त्यांनी कोनाडूला आजार समजावून सांगितला: हात, पाऊल, चेहरा, आवाज. पोरगी ऐकत होती. मग ती म्हणाली, "पूर्वी दोनदा फोन आला होता. पलीकडे नुसता श्वास. मला वाटलं, रागानं बोलत नाहीत. मी ठेवून दिला."

"ते बोलत होते," बाई म्हणाल्या.

"मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"नाना ओरडत होते, कोनाडू. त्यांच्या परीनं ते ओरडत होते."

बाईंनी फोन कानाला तसाच धरला होता, आणि पलीकडून जे येत होतं ते मीही ऐकलं.

ती निघाली. पण शीतगृहात माल उतरायचा होता, कुणाच्या तरी हवाली करायचा होता. तेवढ्या अवधीत इकडं घास नानांच्या श्वासाच्या नळीत गेला. पहिल्या भेटीत बाईंनी ठसक्याचं का विचारलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. ताप चढला, छाती भरली, आणि नाना याच इमारतीत, वरच्या मजल्यावर आले. कोनाडू पोचली ती धुरी दिलेल्या माशांची टोपली घेऊन. ती टोपली तिनं खाटेखाली सरकवली आणि वडिलांचा हात धरला.

"बाबा, आले मी. बोला."

नानांनी तिला ओळखलं. ओठ हलले. ती वाकली. पुन्हा हलले. तिनं बाईंकडे पाहिलं. "बाई, ऐकू येत नाही हो." बाईंनी यंत्र उशीशी धरलं होतं, काटा हलत नव्हता. आणि नानांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम. आम्हाला तिघांनाही कळत होतं की ते ओरडत आहेत.

मी दाराशी उभा होतो. या वेळी मला कुणी बाहेर बसायला सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. तर कोनाडू वळून मला म्हणाली, "काका, तुम्ही या. तुम्हाला ऐकू येतं त्यांचं. तुम्हाला नेहमी ऐकू येतं. आज मीच म्हणते, काठीवाल्याला बोलवा. काय म्हणतात ते सांगा मला."

मी गुडघ्यांवर बसलो आणि नानांच्या ओठांना कान लावला. ते वाक्य मला तोंडपाठ होतं. टायरांच्या ढिगाशेजारी रोज सकाळी ऐकलेलं. आणि राजाच्या शब्दांना फुलं लावून सांगणं हाच तर माझा पेशा.

त्याच संध्याकाळी नाना आपल्या गावी गेले. राजा वारला असं आपण म्हणत नाही, असंच म्हणतो.

बोआतेमाबाई, तुम्ही आता अक्राला नव्या मुलामुलींना हे काम शिकवायला निघालात. आनंद आहे, असं म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. पण उद्या सकाळी ते मास्तर त्या टोकाच्या खोलीपाशी येतील आणि दाराला कुलूप असेल. डॉक्टर बेडियाको, तुमचा मान राखून सांगतो, त्या खोलीत मोडक्या खाटा भरू नका. ती रिकामी ठेवा आणि लवकर भरा, बाईंच्याच हाताखालच्या कुणाकडून तरी. आणि बाई, तिथल्या मुलांना यंत्र शिकवाल, दुर्बीण शिकवाल; आवाज कशासाठी हवाय, हेही विचारायला शिकवा. आणि आमच्यासारखा कुणी काठीवाला मध्ये मध्ये बोलू लागला, तर त्याला बाहेर बसवायलाही शिकवा. बोमासोच्या वतीनं हे वस्त्र तुमच्या खांद्यावर घालतो. हे अक्कांनी स्वतः निवडलं आहे, त्यामुळं रंग आवडला नाही तरी बोलू नका.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, पाहुण्यांची जेवणं खोळंबली तरी कुणी उठलं नाही, याबद्दल मी आपला ऋणी आहे. तळावर घडलेली जीभ आहे. कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर पोटात घाला. असामानी, तुम्ही विशेष.

आणि जाता जाता, ती माझ्या कानांची बढाई. तिसऱ्या रांगेत कोनाडू बसली आहे. तिला मी त्याच दिवशी, खाटेपाशी सांगितलं होतं. तुम्हाला आज सांगतो.

मला काहीच ऐकू आलं नाही.